एआय शिकायचंय म्हणजे नेमकं काय शिकायचंय?
(आमच्या क्लासमध्ये चौकशीला येणाऱ्या नोकरदारांसाठी)

अकाउंट्सवाले असोत, डिस्पॅचवाले असोत नाहीतर एचआरमधल्या ताई, चौकशीला आलं की पहिला प्रश्न ठरलेला, "सर, कुठलं अ‍ॅप शिकवता?" आमचं म्हणणं, अ‍ॅपवर अडकू नका. चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ ला आलं, गूगलच्या बार्डचं २०२४ मध्ये जेमिनी झालं, नावं आणि बटणं बदलतच राहणार. तुमच्याजवळ राहतात त्या दोन गोष्टी, एआयला काम नीट सांगता येणं आणि त्याने दिलेलं तपासता येणं, आणि बढती मिळते ती दुसरीच्या जोरावर असं आमचं स्पष्ट मत आहे.

उदाहरण घ्या. एमआयडीसीतला छोटा जॉबवर्कवाला, पार्टीने पैसे अडकवलेत, साहेब म्हणतात इंग्लिशमध्ये कडक रिमाइंडर पाठव. एआयला नुसतं "पेमेंट रिमाइंडर लिही" म्हटलं तर गुळगुळीत पत्र येतं, कोणालाही पाठवता येईल असं. तेच सांगा की आमचं उद्यम रजिस्ट्रेशन आहे, मायक्रो युनिट आहे, माल या तारखेला पोचला, चलनावर सही आहे, दोनदा फोन झालाय, पार्टी जुनी आहे म्हणून संबंध तुटू द्यायचे नाहीत, पण कायद्याचा उल्लेख हवा. आता पत्र कामाचं येतं. बरेचदा त्यात "४५ दिवसांत पेमेंट बंधनकारक" असंही येतं आणि इथेच थांबायचं, कारण २००६ च्या एमएसएमई कायद्यात ४५ दिवस ही लेखी करार असेल तेव्हाची कमाल मुदत आहे, करारच नसेल तर १५ दिवस. म्हणजे आधी पीओ (पर्चेस ऑर्डर) काढून त्यावर पेमेंट टर्म्स काय लिहिल्यात ते बघायचं, मग पत्र पाठवायचं. हे ज्याला सुचतं त्याच्याकडे साहेब पुढचं मोठं काम देतात, नुसतं कॉपी-पेस्ट तर कोणीही करेल.

जीएसटीचंही तसंच. २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ आणि २८ टक्क्यांचे स्लॅब जवळजवळ गेले, सिमेंट २८ वरून १८ वर आलं, पण एआयकडे माहिती जुनी असेल तर ते जुनाच रेट अगदी ठामपणे सांगतं, त्यामुळे रेट, कलम, शेवटची तारीख या गोष्टी सरकारी पोर्टलवर बघितल्याशिवाय बिलात घालायच्या नाहीत. ड्राफ्ट, एक्सेलचा फॉर्म्युला, मीटिंगचे मुद्दे, मराठी पत्राचं इंग्लिश, यासाठी मात्र बिनधास्त वापरा, तासाचं काम बरंच हलकं होतं.

एक गोष्ट आम्ही कळकळीने सांगतो. कंपनीची सॅलरी शीट, पॅन, आधार, गिऱ्हाइकांचे नंबर फुकटच्या एआयमध्ये टाकू नका. नावाच्या जागी "पार्टी अ" लिहा, खरे आकडे बदला, डेटा कंट्रोलच्या सेटिंगमध्ये ट्रेनिंगचा (म्हणजे तुम्ही टाकलेलं एआयला शिकवायला वापरण्याचा) पर्याय बंद करा आणि मुख्य म्हणजे ऑफिसात परवानगी आहे का ते आधी विचारा. केंद्रीय अर्थ मंत्रालयाने जानेवारी २०२५ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांना ऑफिसच्या कॉम्प्युटरवर अशी अ‍ॅप्स वापरू नका असं सांगितलं होतं, खाजगी कंपन्यांचेही आपापले नियम असतात.

रेझ्युमेवर "एआय येतं" एवढंच लिहून समोरच्याला काही कळत नाही. कुठलं काम, आधी किती वेळ लागायचा, आता किती लागतो, तपासलं कसं आणि चूक कुठे पकडली, हे चार ओळीत लिहा. अप्रेझलला पण याच नोंदी घेऊन बसा.

नोकरीची गॅरंटी आम्ही देत नाही, सर्टिफिकेटवर भर पण नाही. बॅचला येताना तुमच्या रोजच्या कामातला एक कागद आणा, रिपोर्ट असो, मेल असो, स्टॉक रजिस्टरचं पान असो, नावं-नंबर खोडून आणा, पहिल्या दिवसापासून त्याच्यावरच काम करून घेतो. इंग्लिश कच्चं असेल तरी चालेल, सूचना मराठीत दिल्या तरी काम होतं. स्वतःचा लॅपटॉप नसला तर फोनवर सांगून ठेवा म्हणजे मशीन राखून ठेवता येईल.