पोळ्याला अर्ज, दिवाळीनंतर विमान: गावातून पासपोर्ट-व्हिसा काढताना

सोयाबीनचे पैसे हातात आले की आमच्या सेवा केंद्रावर हा प्रश्न येतोच: "भाऊ, दिवाळीच्या सुट्टीत थायलंडले जाचं हाय, पासपोर्ट किती दिवसात भेटते?" तोवर अर्धा ऑक्टोबर सरलेला असतो. मग तत्काळचे जादा पैसे भरा आणि ऐन दिवाळीतलं महाग तिकीट घ्या. पासपोर्ट मिळालाच तर नावाची गडबड पुढे व्हिसाच्या वेळी निस्तरा. स्वस्त सहल त्यालाच मिळते, ज्याचे कागद आधी तयार असतात. म्हणून मी सांगतो, पोळा झाला की अर्ज टाका. भाऊबीज उरकल्यावर भाडी उतरतात आणि शाळेची सुट्टी बरेचदा शिल्लक असते. तोवर कापसाची पहिली वेचणीही झालेली असते. तेव्हा निघा.

पासपोर्ट

अर्ज पासपोर्ट सेवा या सरकारी संकेतस्थळावर भरायचा. त्याचा पत्ता 'गव्ह डॉट इन'ने संपतो. हुबेहूब दिसणारी खासगी पानंही आहेत आणि ती दुप्पट पैसे उकळतात, म्हणून शेवट बघूनच पुढे जा. मोठ्या माणसाच्या 36 पानी पासपोर्टला 1500 रुपये लागतात, 60 पानीला 2000. तत्काळ हवा असेल तर वर आणखी 2000. अठराच्या आतल्या मुलांना 1000 रुपये. नवीन अर्ज असेल तर आठ वर्षांखालच्या मुलांना आणि साठीपुढच्यांना दहा टक्के सूट आहे. मोठ्यांचा पासपोर्ट दहा वर्षं चालतो, मुलांचा पाच वर्षं किंवा अठरा पूर्ण होईपर्यंत, जे आधी होईल ते. पैसे ऑनलाइन भरले की भेटीची तारीख निवडायची. ती वर्षभरात तीनदा बदलता येते, म्हणजे सोंगणीच्या दिवशी तारीख आली तरी घाबरायचं कारण नाही.

विदर्भाचं काम नागपूरच्या क्षेत्रीय पासपोर्ट कार्यालयाकडे आहे. पण प्रत्येकाने नागपूर गाठायलाच हवं असं नाही. बऱ्याच ठिकाणी मोठ्या टपाल कार्यालयातच पासपोर्ट सेवा केंद्र सुरू झालं आहे, जवळचं कुठलं ते अर्ज भरतानाच दिसतं. एक कौतुकाची गोष्ट म्हणजे चिप बसवलेला ई-पासपोर्ट 1 एप्रिल 2024 पासून प्रायोगिक तत्त्वावर देणं सुरू झालं, त्या पहिल्या कार्यालयांत नागपूर होतं.

आता खरी अडचण, नावाची. आपल्याकडे टीसीवर 'नामदेव' आणि आधारवर 'नामदेवराव'. बाईचं माहेरचं नाव 'शोभा', सासरी 'शोभाताई', पॅनवर तिसरंच काही. बोलताना 'राव' लावला तर मान, कागदावर लावला तर दुसरा माणूस. जन्मतारखेचंही तसंच. जुन्या गुरुजींनी शाळेत घालताना सरसकट 1 जून किंवा 1 जुलै टाकली, आधारवाल्याने 1 जानेवारी टाकली, आणि आता तिन्ही कागद एकमेकांशी भांडतात. अर्ज भरण्याआधी सगळे कागद टेबलावर मांडा आणि कुठला कागद खरा धरायचा ते ठरवा. बहुतेकदा तो टीसी किंवा दहावीचं प्रमाणपत्र असतो. बाकीचे त्याच्याप्रमाणे दुरुस्त करून घ्या. आधारवरची जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलता येते आणि नाव दोनदा, तेव्हा ही संधी विचार करून वापरा. नावच पार वेगळं असेल तर राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करावा लागतो.

आडनावाचा रकाना रिकामा सोडू नका. नोव्हेंबर 2022 मध्ये संयुक्त अरब अमिरातीने पासपोर्टवर एकच नाव असलेल्या पर्यटकांना प्रवेश नाकारायला सुरुवात केली. दुबईच्या स्वस्त पॅकेजचे पैसे भरून झाल्यावर हे कळलं तर काय उपयोग?

जन्माच्या पुराव्याचा नियमही बदलला आहे. 1 ऑक्टोबर 2023 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळांना फक्त जन्म प्रमाणपत्र चालतं. त्याआधीच्यांना टीसी, दहावीचं प्रमाणपत्र, पॅन, ड्रायव्हिंग लायसन्स, मतदार ओळखपत्र यांपैकी एक चालतं. पत्त्यासाठी आधार पुरतं. पासबुक द्यायचं असेल तर ते राष्ट्रीयीकृत, शेड्यूल्ड खासगी किंवा ग्रामीण बँकेचं फोटोवालं द्या. जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेच्या पासबुकावर विसंबू नका, कर्ज तिथलं असलं तरी. मूळ कागद आणि सही केलेल्या झेरॉक्स दोन्ही न्या. मोठ्यांना फोटो नेण्याची गरज नाही, तो तिथेच काढतात. लहान मुलांसाठी आई-वडिलांनी परिशिष्ट 'डी', म्हणजे पालकांचं घोषणापत्र, सही करून द्यायचं. नवरा-बायकोला लग्नाचा दाखला आता सक्तीचा नाही. पण सासरचं नाव पासपोर्टवर हवं असेल तर काढलेला बरा, तो आपल्या ग्रामपंचायतीतच मिळतो. जिल्हा परिषदेचे शिक्षक आणि इतर सरकारी कर्मचारी यांनी कार्यालयाचं ना-हरकत प्रमाणपत्र लावावं किंवा पूर्वसूचनेचं पत्र द्यावं. परदेशी जाण्याची परवानगी मात्र वेगळी घ्यायची. तिचा आणि पासपोर्टचा गोंधळ दरवर्षी दोन-तीन गुरुजींचा तरी होतो.

पोलीस पडताळणीत जास्तीत जास्त अर्ज अडकतात, तेही एकाच चुकीने. मुलगा पुण्याला नोकरीला, पत्ता गावचा टाकलेला. शिपाई घरी येतो, बाबा म्हणतात "तो पुण्याले राह्यते", आणि अहवाल उलटा जातो. गेल्या वर्षी माझ्याच चुलत भावाचं असं झालं आणि फॉर्म मीच भरला होता. सध्या जिथे राहता तोच पत्ता लिहा. पडताळणीची वेगळी फी नसते, ती कुणी मागितली तर पावती मागा. तत्काळमध्ये पासपोर्ट बहुधा आधी मिळतो आणि पडताळणी मागाहून होते. साध्या अर्जाला मी दोन महिने धरून चालतो. त्याआधी आला तर आनंदच. पासपोर्ट स्पीड पोस्टाने येतो. पोस्टमन ओळखीचा असला तरी तो ज्याचं नाव आहे त्याच्याच हाती देतो, तेव्हा त्या दिवशी वावरात असाल तर निरोप ठेवा.

दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर 'ईसीआर' असा शेरा येतो. थायलंड, मलेशिया, इंडोनेशिया, अमिरातीसारख्या अठरा देशांत कामासाठी जाताना सरकारची परवानगी घ्यावी लागते, असा त्याचा अर्थ. फिरायला जाणाऱ्याला ती लागत नाही, मात्र परतीचं तिकीट आणि व्हिसाचे कागद हाताशी हवेत. पन्नाशी ओलांडलेल्यांना आणि प्राप्तिकर भरणाऱ्यांना हा शेरा टाळता येतो, पुरावा जोडायचा एवढंच.

कुठल्या देशाला काय लागतं

नेपाळला पासपोर्टही लागत नाही. मतदार ओळखपत्र चालतं. आधार मात्र पंधराच्या आतल्या आणि पासष्टच्या पुढच्यांनाच चालतं, मधल्यांना नाही. सीमेवरून परत पाठवलेल्यांच्या गोष्टी याच एका कार्डाच्या असतात. आपल्याकडून राप्तीसागर एक्स्प्रेस बल्लारशा आणि नागपूरवरून गोरखपूरला जाते. तिथून सोनौलीची सीमा साधारण नव्वद किलोमीटर आणि पलीकडे भैरहवापासून बुद्धांचं जन्मस्थान लुंबिनी वीस-बावीस किलोमीटर. दीक्षाभूमीला दरवर्षी जाणाऱ्या घरांना लुंबिनी वेगळी सांगायला नको. आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात तिकडे पाऊस ओसरलेला असतो, डोंगर स्वच्छ दिसतात. फक्त दशैंच्या, म्हणजे तिथल्या दसऱ्याच्या, सणात तिथल्या बसगाड्या गच्च भरतात, तेवढे दिवस टाळा.

भूतानलाही व्हिसा नाही. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्रावर प्रवेश परवाना मिळतो. पण शाश्वत विकास शुल्क माणशी रात्रीला 1200 रुपये आहे, सहा ते बारा वर्षांच्या मुलांना निम्मं. नवरा-बायको आणि दहा वर्षांचं पोर चार रात्री राहिले तर 12000 रुपये नुसतं शुल्कच. पॅकेजच्या जाहिरातीत ते धरलंय का, हे आधी विचारा.

थायलंडने भारतीयांना व्हिसामाफी नोव्हेंबर 2023 मध्ये दिली, मलेशियाने 1 डिसेंबर 2023 पासून. मुक्कामाची मुदत आणि अटी बदलत राहतात, म्हणून तिकीट काढायच्या दिवशी दूतावासाच्या पानावर पुन्हा बघा. थायलंडला 1 मे 2025 पासून डिजिटल आगमन कार्ड लागतं. ते पोचण्याच्या तीन दिवस आधीपासून भरता येतं आणि फुकट आहे. त्याचे पैसे मागणारं पान खोटं समजा. व्हिएतनामचा ई-व्हिसा एका प्रवेशाला 25 डॉलर आणि घरबसल्या मिळतो.

या महिन्यांत तिकडचं हॉटेल स्वस्त का असतं, तेही समजून घ्या. व्हिएतनामच्या मधल्या पट्ट्यात, दानांग-होई आनला, ऑक्टोबर-नोव्हेंबरात पूर येईल इतका पाऊस असतो. थायलंडच्या सामुई बेटावर जोराचा पाऊस याच वेळी सुरू होतो, फुकेतकडे मात्र नोव्हेंबरात उघडीप होत जाते. स्वस्त हॉटेलच्या खिडकीतून चार दिवस पाऊसच बघायचा असेल तर आपला श्रावण काय वाईट?

युरोपची भाडी सप्टेंबर-ऑक्टोबरात उन्हाळ्यापेक्षा कमी असतात, हे खरं. पण शेंगेन व्हिसाची, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाची, फी मोठ्या माणसाला 90 युरो आहे आणि व्हिसा नाकारला तरी ती परत मिळत नाही. 30000 युरोचा वैद्यकीय विमा लागतो. अर्ज सहा महिने आधीपासून देता येतो, निकालाला साधारण पंधरा दिवस, कधी पंचेचाळीस.

या व्हिसासाठी पगाराची पावती मागतात आणि कास्तकाराकडे ती कुठली? शेतीचं उत्पन्न करमुक्त, म्हणून विवरणपत्रही अनेकांनी भरलेलं नसतं. मग सातबारा आणि आठ-अ, त्यांचं इंग्रजी भाषांतर, बाजार समितीच्या विक्रीच्या पट्ट्या आणि बँकेचं सहा महिन्यांचं विवरण, एवढं एकत्र बांधा. बँकेत एकाएकी तीन लाख आले आणि आठ दिवसांनी व्हिसाचा अर्ज गेला तर उसने पैसे दाखवले असंच वाटतं. तेच तीन लाख सोयाबीनच्या पट्टीवरच्या रकमेशी जुळले तर शंका राहत नाही. अर्जासोबत साध्या शब्दांत एक पत्र लावा: किती एकर, काय पेरतो, आपण नसताना वावर कोण बघणार. गावाला परत यायचं ठोस कारण त्यांना दिसायला हवं, आणि उभी कपाशी हे चांगलं कारण आहे. दोन वर्षं विवरणपत्र भरून ठेवलं तर काम आणखी सोपं होतं.

सहल कंपनीकडून पॅकेज घेतलंत तर पॅन द्यावा लागतो आणि बिलावर टीसीएस, म्हणजे कंपनीने आगाऊ गोळा केलेला प्राप्तिकर, लागतो. तो पैसा गेलेला नसतो. विवरणपत्र भरलं की करात वळता होतो किंवा परत मिळतो.

आणि प्रवासाला निघताना पासपोर्ट पुढे किमान सहा महिने वैध हवा. बॅग भरताना सावजी मसाला आठवणीने बाहेर ठेवा. त्यात खसखस असते, आणि अमिराती नि सिंगापूरमध्ये खसखस सापडली तर अंमली पदार्थांच्या कायद्याने धरतात. सिंगापूरला चघळायचा तंबाखू न्यायलाही बंदी आहे, तेव्हा खर्ऱ्याची पुडी घरीच ठेवून निघायचं.