राजाची अंगठी आणि समुद्रातला चहा: 'कोलोनायझेशन' गेमच्या मागचा इतिहास

१९९४ ला मायक्रोप्रोझ या गेम कंपनीने डॉसवर (विंडोजच्या आधीची कॉम्प्युटर सिस्टीम) 'सिड मायर्स कोलोनायझेशन' आणला. नाव गेम डिझायनर सिड मायरचं, पण डिझाइन बहुतांशी ब्रायन रेनॉल्ड्सचं, ज्याने नंतर १९९६ ला सिव्हिलायझेशन २ केला. १९९१ च्या सिव्हिलायझेशनमध्ये आख्ख्या मानवजातीचा इतिहास होता, इथे मात्र फक्त १४९२ ते १८५०, आणि इंग्लिश, फ्रेंच, स्पॅनिश, डच यापैकी एक बाजू घेऊन अमेरिकेत वसाहती वसवायच्या. पोर्तुगीज गायब! गोव्याकडच्या माणसाला हे पहिल्यांदा खटकणार, आणि मग ब्राझीलचं काय हा प्रश्न आहेच.

यातलं बरंचसं खरोखर घडलेलं आहे. युरोपच्या धक्क्यावर जे लोक तुमच्या बोटीची वाट बघत उभे असतात त्यात भुरटे चोर असतात, करारावर राबायला निघालेले नोकर असतात. इंग्लंडने १७१८ ला कायदाच केला की गुन्हेगारांना अमेरिकेत पाठवा, आणि करारवाले नोकर बोटीच्या भाड्यापायी साधारण चार ते सात वर्षं फुकट राबायचे. गेममध्ये अशा चोराला शाळेत घातलं की तो आधी नोकर होतो, मग मोकळा वसाहतकरी, म्हणजे शाळेचा इतका फायदा मला तरी दुसऱ्या कुठल्या गेममध्ये दिसला नाही.

पण सगळ्यात भारी म्हणजे टॅक्स. तुमचं बरं चाललंय तोवर राजाचा निरोप येतो, महाराजांनी अजून एक लग्न केलंय, त्या आनंदात टॅक्स वाढवलाय, या आणि करंगळीतल्या अंगठीचं चुंबन घ्या. नाही घ्यायचं? मग 'पार्टी' करा, म्हणजे माल समुद्रात फेका, आणि मागची थकबाकी भरेपर्यंत तो माल युरोपात विकायचं विसरा.

हे सरळ तेव्हा ब्रिटिश वसाहत असलेल्या अमेरिकेतल्या बोस्टनच्या 'टी पार्टी'वरून उचललंय. १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री ईस्ट इंडिया कंपनीच्या चहाच्या ३४२ पेट्या बंदरात गेल्या, तीच कंपनी जिच्या ताब्यात तेव्हा आपली मुंबई होती. गंमत अशी की खऱ्या भानगडीत चहा महाग झालाच नव्हता, त्या वर्षीच्या कायद्याने कंपनीचा चहा उलट स्वस्त पडत होता, राग होता तो आम्हाला न विचारता कर कसा लावता याचा आणि कंपनीच्या मक्तेदारीचा. गेमने ते सोपं करून टाकलं, राजा लोभी, विषय संपला.

आणि एक गोष्ट तर पूर्णच गाळली. गेममध्ये ऊस, तंबाखू, कापूस पिकवायचा, त्याची रम, सिगार, कापड करून विकायचं, बरीचशी कमाई यातच, पण गुलाम एकही नाही. व्हर्जिनियात पहिले आफ्रिकन १६१९ ला उतरवले, पुढे अटलांटिकपार नेण्यासाठी जहाजात कोंबलेल्यांचा आकडा सव्वा कोटीच्या घरात जातो, आणि हा उसाचा धंदा त्यांच्याच जिवावर उभा होता. इंका, अझ्टेक, इरोक्वॉय अशा मूळ रहिवाशांच्या आठ जमाती निदान नकाशावर आहेत, त्यांच्याशी व्यापार करा नाहीतर गावं जाळा.

२००८ ला फिरॅक्सिस कंपनीने सिव्हिलायझेशन ४ च्या इंजिनावर (म्हणजे त्याच सॉफ्टवेअरच्या पायावर) हाच गेम परत केला तेव्हाही गुलामी बाहेरच राहिली. फुकट हवा असेल तर फ्रीकॉल आहे, २००३ पासून लोक मिळून बनवतायत, १.० आवृत्ती यायला २०२३ उजाडलं. तिथे पोर्तुगीज पण मिळतात. ऊस मात्र तिथेही 'मास्टर शुगर प्लांटर'च, म्हणजे ऊस लावण्यात तरबेज वसाहतकरीच लावतो, गुलाम नाही.