प्रोमोतोरा

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मेक्सिको व मध्य अमेरिकेतून आलेल्या स्थलांतरितांच्या वस्त्यांमध्ये आरोग्यशिक्षणाचे काम करणारी, त्याच वस्तीत राहणारी कार्यकर्ती. स्पॅनिशमध्ये पूर्ण नाव ‘प्रोमोतोरा दे सालुद’. पुरुष असल्यास प्रोमोतोर, पण या कामात बायकाच जास्त. ती डॉक्टर नसते, नर्सही नसते. तिचे प्रशिक्षण थोडे असते, ओळखी मात्र घरोघरी असतात.

ही पद्धत लॅटिन अमेरिकेतील खेड्यांतून उत्तरेकडे आली. गावातल्याच माणसाला शिकवून गावाचे आरोग्य सांभाळण्याचा विचार १९७० च्या दशकात जगभर रुजत होता. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ मध्ये अशा निवडक प्रयोगांचे संकलन प्रसिद्ध केले. त्यात डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांचा जामखेडचा प्रकल्पही होता. पुढे १९७८ मध्ये अल्मा-आता येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेच्या जाहीरनाम्याने या विचाराला अधिकृत मान्यता दिली. मराठी वाचकाला प्रोमोतोरा आशाताईंची बहीण वाटेल. मात्र आशाताई सरकारी योजनेचा भाग आहे, तर प्रोमोतोरा ज्यांच्यासाठी काम करते त्यातले अनेकजण सरकारी माणूस दिसला की दार लावून घेतात.

शेतमजुरांसाठी दवाखाने काढायला संघराज्याचा पैसा १९६२ च्या स्थलांतरित आरोग्य कायद्याने मिळू लागला. पण पहाटे शेतावर जाणारा आणि खाडा केला की मजुरी बुडणारा माणूस दवाखान्यात येणार कधी? कागदपत्रे नसलेल्यांच्या मनात हद्दपारीची धास्ती असते ती वेगळीच. सरकारी मदत घेतल्यास कायम वास्तव्याचा परवाना नाकारण्याची तरतूद २०१९ मध्ये व्यापक करण्यात आली. तो नियम २०२१ मध्ये मागे घेतला गेला, पण दरम्यान हक्काच्या योजनांतूनही अनेक कुटुंबांनी नावे काढून घेतली होती. अशा वेळी ‘इथे गेलात तर कोणी पकडणार नाही’ हे शेजारीण सांगते तेव्हाच पटते. छापील पत्रकावर कोणी विसंबत नाही.

विषय वस्तीच्या गरजेप्रमाणे ठरतात : मधुमेह, गर्भारपण, लसीकरण, स्तनाच्या व गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी. शेतमजुरांमध्ये कीटकनाशके आणि ऊन हे दोन विषय सर्वांत निकडीचे. फवारणीचा अंश कपड्यांवरून घरी येतो, हे नुसते सांगून कोणाला खरे वाटत नाही. म्हणून काही प्रशिक्षणांत खास दिव्याखालीच चमकणारी निरुपद्रवी पूड वापरतात. ती हाताला लावून सगळ्यांना नेहमीसारखे वावरू देतात आणि मग दिवे मालवून जंबुपार (अल्ट्राव्हायोलेट) किरणांचा दिवा लावतात. गालावर, बाटलीच्या झाकणावर, लेकराच्या खेळण्यावर बोटांचे ठसे उजळून दिसतात. त्यानंतर बूट दाराबाहेर काढणे, शेतातले कपडे वेगळे धुणे, अंघोळ केल्याशिवाय मुलाला उचलून न घेणे, हे फार समजावत बसावे लागत नाही.

उन्हाच्या बाबतीत माहितीबरोबर हक्कही शिकवावा लागतो. कॅलिफोर्नियाने २००५ मध्ये उघड्यावर राबणाऱ्यांसाठी नियम केला. त्यानुसार मालकाने प्रत्येक मजुराला तासाला सुमारे एक लिटर पाणी पुरेल अशी सोय ठेवायची असते, शिवाय सावली आणि गार होण्यासाठी विश्रांती द्यायची असते. पण जिथे तोडलेल्या मालाच्या पेटीमागे पैसे मिळतात तिथे विश्रांती घेणाऱ्याची कमाई घटण्याची भीती असते. पाणी प्या, असे सांगणे सोपे. ती पाच मिनिटे मुकादमाकडे मागायची कशी, हा धड्याचा अवघड भाग.

भाषेची अडचण स्पॅनिश आली म्हणून संपत नाही. कॅलिफोर्नियातील शेतांवर मेक्सिकोच्या वाहाका राज्यातून आलेले, मिस्तेक, सापोतेक, त्रिकी या तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषा बोलणारे लोक मोठ्या संख्येने आहेत, आणि त्यांतल्या कित्येकांना स्पॅनिश जेमतेम कळते. अक्षरओळख नसेल तर भाषांतरित पत्रकाचाही उपयोग नाही. म्हणून चित्रकथा, स्थानिक रेडिओ आणि लोतेरिया हा चित्रांच्या पत्त्यांचा खेळ यांचा आधार घेतला जातो. मेक्सिकोच्या वकिलातींमध्येही आरोग्य खिडक्या आहेत. पासपोर्टसाठी रांगेत बसलेल्यांचा रक्तदाब व रक्तातील साखर तिथे मोफत तपासली जाते. लोक एरवीही जिथे थांबलेले असतात तिथेच गाठण्याची ही युक्ती साधी आणि नामी आहे.

मोबदला हा या कामाचा जुना दुखरा भाग. बराच काळ ते स्वयंसेवेवर किंवा मुदतीच्या अनुदानावर चालले. अनुदान संपले की प्रोमोतोराही गेली. अमेरिकेच्या सरकारी व्यवसाय वर्गीकरणात प्रोमोतोरांसारख्या सामुदायिक आरोग्यसेवकांना स्वतंत्र जागा मिळाली ती २०१० च्या आवृत्तीत. जुलै २०२२ पासून कॅलिफोर्नियाची मेडि-कॅल ही कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीची आरोग्य योजना त्यांच्या सेवेचे पैसे देते, पण हिशेब अर्ध्या अर्ध्या तासाच्या तुकड्यांत होतो. चहाकॉफी, मुलांची चौकशी, गावाकडची खबरबात यांत गेलेला पहिला तास, ज्यावर पुढचे सगळे बोलणे उभे असते, तो कोणत्या रकान्यात लिहायचा याची सोय त्या हिशेबात नाही.