हिपॅटायटिस बी लसीचा जन्मतःचा डोस

हिपॅटायटिस बी या यकृताच्या आजाराचा विषाणू बाधित आईकडून बाळाला मिळू नये, म्हणून जन्मानंतर २४ तासांच्या आत दिली जाणारी लस. हा संसर्ग बहुतेक वेळा प्रसूतीदरम्यान, आईच्या रक्ताशी व स्रावांशी संपर्क आल्याने होतो. आईच्या रक्तात या विषाणूचा ‘ई’ प्रतिजन (विषाणू जोमाने वाढत असल्याची खूण असलेले प्रथिन) असेल आणि बाळाला कोणतेच संरक्षण मिळाले नाही, तर लागण होण्याची शक्यता ७० ते ९० टक्के असते. प्रौढांपैकी बहुतेकांच्या शरीरातून हा विषाणू आपोआप निघून जातो. लागण झालेल्या नवजात बाळांपैकी मात्र सुमारे ९० टक्क्यांत तो कायमचा ठाण मांडतो. बाळ वरवर ठणठणीत असते. सिरोसिस (यकृत कडक होऊन निकामी होत जाणे) किंवा यकृताचा कर्करोग पुढे, अनेकदा ऐन कर्त्या वयात समोर येतो.

या डोसाची ताकद तैवानने दाखवून दिली. तिथे जुलै १९८४ मध्ये बाधित मातांच्या बाळांना आणि १९८६ पासून सर्वच नवजातांना लस सुरू झाली. तैपेईत १५ वर्षांखालील मुलांमधले बाधितांचे प्रमाण १९८४ मध्ये ९.८ टक्के होते, ते १९९९ मध्ये ०.७ टक्क्यांवर आले. ६ ते १४ वयोगटातला यकृताचा कर्करोगही दशकभरात जवळपास निम्म्यावर आला. लस देऊन कर्करोग टाळता येतो, याचा इतका स्पष्ट पुरावा त्याआधी कुठेही मिळाला नव्हता.

भारतात ही लस २००२-०३ मध्ये काही शहरांत व जिल्ह्यांत आणि २०११ पासून देशभर राष्ट्रीय लसीकरणात आली. बीसीजी (क्षयरोगाची लस) आणि पोलिओच्या शून्य, म्हणजे जन्मतःच्या डोसासोबतच बाळाच्या मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत ०.५ मिली इंजेक्शन देतात. पुढचे डोस ६, १० व १४ आठवड्यांना पेंटाव्हॅलंट या पाच आजारांवरच्या एकत्रित लसीतून मिळतात. पण ते वेळेवर दिले तरी पहिल्या दिवशीची चूक भरून निघत नाही. सरकारी पुरवठ्यातली कुपी साधारणपणे १० डोसांची असते. एकाच बाळासाठी ती फोडली तर उरलेली लस वाया जाईल, या धास्तीने काही ठिकाणी डोस लांबणीवर पडतो. ही धास्ती अनाठायी आहे: २ ते ८ अंश सेल्सिअसला नीट ठेवलेली उघडी कुपी नियमानुसार २८ दिवस वापरता येते. लस गोठली, तर मात्र ती निकामी होते. घरी झालेल्या आणि रात्री-अपरात्रीच्या बाळंतपणांत हा डोस हुकण्याचा धोका सर्वांत जास्त, आणि तिथेच आशाताई व परिचारिकांची तत्परता निर्णायक ठरते.

गरोदरपणातल्या तपासणीत आई बाधित आढळली, तर बाळाला लसीबरोबर दुसऱ्या मांडीत इम्युनोग्लोब्युलिनही (विषाणूविरुद्धची तयार प्रतिपिंडे), शक्यतो १२ तासांच्या आत देतात. आईच्या रक्तात विषाणूचे प्रमाण फार असल्यास गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत तिला टेनोफोव्हिर हे औषध दिले जाते. अशा आईने बाळाला अंगावर पाजायला हरकत नाही. संसर्गाच्या भीतीने दूध तोडणे बाळाच्या तोट्याचेच आहे. लसीकरण पूर्ण झाल्यावर, ९ ते १२ महिन्यांच्या वयात रक्त तपासून बाळ सुरक्षित आहे ना, याची खात्री करतात.