येशूच्या ऐतिहासिकतेचा वाद आणि जोसिफसची साक्ष

येशू नावाचा माणूस खरोखर होऊन गेला का, हा वाद फिरून फिरून एका परिच्छेदापाशी येतो. तो सापडतो जोसिफस या ज्यू इतिहासकाराच्या ग्रंथात. इ. स. ३७ च्या सुमारास यरुशलेममधल्या पुरोहित घराण्यात जन्मलेला जोसिफस ६६ साली रोमविरुद्धच्या उठावात गालील प्रांतात सेनानी होता. पुढे तो शरण गेला, वेस्पाशियन सम्राटाच्या आश्रयाने रोममध्ये राहिला आणि तिथे त्याने ज्यूंचा २० खंडांचा इतिहास ग्रीकमध्ये लिहिला. हे काम ९३-९४ साली पुरे झाले.

वादाचा परिच्छेद अठराव्या खंडात आहे. यहूदियाचा रोमन सुभेदार पिलात याच्या कारकिर्दीची हकिगत चालू असताना मध्येच येशू येतो. तो ज्ञानी माणूस होता, मात्र ‘त्याला माणूस म्हणावे की नाही’ अशी पुस्ती लगेच जोडलेली. तोच ख्रिस्त (म्हणजे मसीहा, ज्यूंना वचन दिलेला उद्धारकर्ता) होता, पिलाताने त्याला क्रुसावर दिले, तिसऱ्या दिवशी तो शिष्यांना जिवंत दिसला, हे संदेष्ट्यांनी आधीच सांगून ठेवले होते, असे सारे काही त्या चार ओळींत आहे. जो माणूस कधी ख्रिस्ती झालाच नाही, तो हे लिहील?

शंकेला भक्कम आधार आहे. तिसऱ्या शतकातला ख्रिस्ती पंडित ओरिजेन याने जोसिफस वाचला होता, आणि जोसिफस येशूला ख्रिस्त मानत नव्हता असे तो स्पष्ट सांगतो. म्हणजे त्याच्यासमोरच्या प्रतीत ‘तोच ख्रिस्त होता’ हे वाक्य नसणार. चौथ्या शतकात ख्रिस्ती इतिहासकार युसेबियस मात्र तो परिच्छेद जवळजवळ आजच्या रूपात उद्धृत करतो. त्याच शतकाच्या अखेरीस ख्रिस्ती पंडित जेरोम याच्या लॅटिन भाषांतरात ‘तो ख्रिस्त मानला जात असे’ असा सौम्य पाठ दिसतो. मूळ खंडाची आज उपलब्ध असलेली ग्रीक हस्तलिखिते अकराव्या शतकाच्या मागे जात नाहीत, आणि जोसिफसचा ग्रंथ तोवर जपला, नकलून काढला तो ख्रिस्ती लेखनिकांनीच. सोळाव्या शतकापासून हा सगळा परिच्छेदच प्रक्षिप्त, म्हणजे नंतर घुसडलेला, आहे असे म्हणणारे अभ्यासक पुढे येऊ लागले. मग १९७१ साली इस्रायली विद्वान श्लोमो पिनेस यांनी दहाव्या शतकातला बिशप अगापियस याच्या अरबी ग्रंथातला पाठ पुढे आणला. तिथे हाच मजकूर बराच सावध शब्दांत आहे: शिष्य सांगत की तो जिवंत दिसला, आणि तो कदाचित मसीहा असावा.

आज बहुतेक अभ्यासक मूळ मजकुराचा गाभा जोसिफसचा आणि वरचे भक्तिभावाचे थर नंतरचे, असे मानतात. संपूर्ण मजकूर बनावट म्हणणारेही आहेत. मला गाभ्याची बाजू पटते. तरीही येशूच्या अस्तित्वाचा सारा भार या परिच्छेदावर टाकणे चुकीचे वाटते. ज्या कागदावर खाडाखोड झाली आहे तो फाडून टाकू नये, पण पहिला पुरावा म्हणून पुढेही करू नये.

त्याच ग्रंथात विसाव्या खंडात एक साधा उल्लेख आहे आणि तो मला कितीतरी मोलाचा वाटतो. ६२ साली रोमन अधिकारी फेस्तस मरण पावला होता आणि नवा अधिकारी आल्बिनस अजून वाटेत होता. ही संधी साधून मुख्य याजक अनानस याने काही जणांना धोंडमार करवली. त्यांत एक होता याकोब, ‘ज्याला ख्रिस्त म्हणतात त्या येशूचा भाऊ’. या आगाऊपणाबद्दल अनानसचे पद गेले. हकिगत अनानसची आहे, येशू तिथे फक्त याकोबाची ओळख पटवायला आला आहे. येशू हे त्या काळी ज्यूंमध्ये अगदी सर्रास असलेले नाव, जोसिफसच्या लेखनातच या नावाची वीसेक माणसे भेटतात, म्हणून कोणता येशू ते सांगावे लागले. भर घालणाऱ्या भाविकाने ‘ज्याला म्हणतात’ असे अंतर राखून लिहिले नसते. हा उल्लेख ओरिजेनलाही ठाऊक होता.

रोमन बाजूने इतिहासकार टॅसिटसचे नाव घेतले जाते. ६४ सालच्या रोमच्या आगीचा आळ नीरोने ख्रिस्ती लोकांवर घेतला, हे सांगताना तो लिहितो की या पंथाच्या मूळ पुरुषाला तिबेरियस सम्राटाच्या काळात पिलाताने मृत्युदंड दिला. त्याची भाषा इतकी तुच्छतेची आहे की ती कुणा ख्रिस्ती माणसाने घुसडली असेल हे संभवत नाही. हा मजकूर ११६ च्या आसपासचा असल्याने ही माहिती त्याने ख्रिस्ती लोकांकडूनच ऐकली असणेही शक्य आहे. तो पिलाताला ‘प्रोक्युरेटर’ म्हणतो. १९६१ साली कैसरियात सापडलेल्या शिलालेखात पिलाताचे पद ‘प्रीफेक्ट’ असे कोरलेले आहे, म्हणजे टॅसिटसने दिलेला हुद्दा चुकला. या दगडाने पिलात सिद्ध झाला, येशूबद्दल तो काही बोलत नाही.

आपल्याकडे आवडीने सांगितली जाणारी हकिगत म्हणजे येशू भारतात येऊन राहिल्याची. तिचा उगम निकोलाय नोटोविच या रशियन प्रवाशाच्या १८९४ सालच्या पुस्तकात आहे. लडाखच्या हेमिस मठात आपल्याला ‘इस्सा’चे, म्हणजे येशूचे, चरित्र वाचून दाखवले, असा त्याचा दावा. दुसऱ्याच वर्षी आग्र्याचे प्राध्यापक डग्लस हेमिसला गेले, तेव्हा तिथल्या प्रमुख लामाने असा कुठलाही ग्रंथ आपल्याकडे नसल्याचे सांगितले. त्या दाव्यामागे तपासता येईल अशी एकही पोथी नाही.

शुभवर्तमाने, म्हणजे बायबलमधली येशूची चरित्रे, ७० ते १०० या काळातली आणि श्रद्धेने लिहिलेली; त्यांच्यात विसंगतीही आहेत. मत्तय येशूचा जन्म हेरोद राजाच्या हयातीत सांगतो, आणि हेरोद सर्वसाधारण मतानुसार इ. स. पूर्व ४ मध्ये वारला. लूक ज्या खानेसुमारीशी जन्म जोडतो ती इ. स. ६ मधली. पण बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाकडून येशूने बाप्तिस्मा घेतला ही गोष्ट प्रचारकांना अडचणीची होती. जो श्रेष्ठ, तो दुसऱ्याकडून पापक्षालनाचा विधी का करून घेईल? असली अडचण कुणी मुद्दाम रचत नाही.

सगळ्यांत जवळची साक्ष पौल या ख्रिस्ती प्रचारकाची. गलतीकरांना त्याने पन्नाशीच्या दशकात पत्र लिहिले, तेही रागाने, आपला अधिकार कुणा माणसाकडून आला नाही हे पटवायला. तरी त्याला कबूल करावे लागते की आपण यरुशलेमला गेलो, केफा म्हणजे येशूचा शिष्य पेत्र याच्याकडे १५ दिवस राहिलो, आणि ‘प्रभूचा भाऊ याकोब’ यालाही भेटलो. मी खोटे बोलत नाही, असे तो देवाला स्मरून लगेच म्हणतो. येशू ही केवळ कल्पना होती असे मानणारे म्हणतात की ‘प्रभूचा भाऊ’ ही पंथातली पदवी असेल. पण तिथे केफाला ती पदवी नाही, एकट्या याकोबाला आहे. करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रातही ‘प्रभूचे भाऊ’ वेगळे आणि केफा वेगळा. आणि पौलाशी काही देणेघेणे नसलेला जोसिफस त्याच याकोबाला येशूचा भाऊ म्हणूनच ओळखतो.