टेबलाची झालर न शिवता : कापड फाडून घेण्याआधी हे वाचा

‘सहा बाय अडीचच्या टेबलाला किती कापड लागेल?’ गणपती जवळ आले की हा प्रश्न आमच्या काउंटरवर सतत येतो. लग्नसराईत आणि डोहाळजेवणं, बारशांच्या वेळीही येतोच. २०१८ साली राज्यात सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आली, तेव्हापासून मखराखालचं टेबल कापडाने झाकणारे आणखी वाढले. उत्तर आम्ही आनंदाने देतो, पण तोंडी सांगितलेला आकडा घरी पोचेपर्यंत निसटतो, म्हणून छापून हातात देत आहोत.

बहुतेकांची चूक एकच असते. टेबलाचा घेर मोजतात आणि तेवढंच कापड फाडून नेतात. भिंतीला टेकवलेल्या सहा बाय अडीच फुटी टेबलाच्या तीन बाजू मिळून ११ फूट होतात, म्हणून साडेतीन मीटर नेलं जातं. घरी गेल्यावर लक्षात येतं की चुण्या घालायला कापडच नाही. सपाट कापड टेबलावरून चादरीसारखं लोंबतं आणि आतले पाय उठून दिसतात. मग हरतालिकेच्या संध्याकाळी पुन्हा दुकानात धाव. तोवर तो ताका संपलेला असतो. नव्या ताक्याचा रंग नावाला तोच असला तरी छटेत थोडा फरक पडतो आणि दोन तुकडे शेजारी लावले की तो डोळ्यांत भरतो. म्हणूनच घेर आणि उंची विचारल्याशिवाय आम्ही कात्री लावत नाही. काहींना ही चौकशी नको वाटते, पण फाडलेलं कापड आम्ही परत घेऊ शकत नाही आणि तुमचा सणाचा दिवस त्यात जाऊ नये असं मनापासून वाटतं.

हिशेब सोपा आहे : दिसणाऱ्या बाजूंचा घेर गुणिले दोन. ११ फुटांना २२ फूट, म्हणजे ७ मीटर घ्या. टेबल हॉलच्या मधोमध असेल तर घेर १७ फूट, कापड साडेदहा मीटर.

आता उंची. साधं टेबल ३० इंच असतं, तरी आपलं मोजूनच या. ४४ इंच पन्ह्याचं कापड आडवं वापरायचं, म्हणजे पन्हा उंचीला आणि लांबी घेराला. जमिनीकडे कापडाची मूळ किनार येते, तिचे धागे सुटत नाहीत, त्यामुळे खाली दुमडून शिवायची गरजच उरत नाही. वरचे साधारण साडेचौदा इंच आतल्या बाजूला दुमडा. झालर जमिनीपासून अर्धा इंच वर राहिली पाहिजे, नाहीतर येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायाखाली येऊन ओढली जाते. दुमड इस्त्रीने बसवून घ्या. सॅटिनला इस्त्री कोमट हवी आणि मध्ये सुती रुमाल हवा.

चुण्यांसाठी दुमडीवर दर ४ इंचांवर खडूची खूण करा. दुसरी खूण उचलून पहिलीवर ठेवा, चौथी तिसरीवर, अशा शेवटपर्यंत. साडीच्या निऱ्या घालणाऱ्या हाताला हे सांगावं लागत नाही. प्रत्येक चुणी आतून सेफ्टी पिनने एक इंची सुती पट्टीला लावत जा. ही पट्टी टेबलाच्या कडेभोवती ताणून मागे गाठ मारायची. सनमायकावर पट्टी घसरते, तिथे कोपऱ्यांवर दुहेरी टेपचे तुकडे लावा, पण आधी कड कोरड्या फडक्याने पुसा. पावसाळ्यात दमट कडेवर टेप धरत नाही. भाड्याच्या टेबलाला खिळे किंवा स्टेपल मारू नका, मंडपवाले नुकसानभरपाई मागतात. वरून टेबलपोस दोन-तीन इंच खाली सोडला की पिना झाकल्या जातात.

कापड विकतच घ्यायला हवं असं नाही. सहावारी साडी १८ फूट असते. चार बाय दोनच्या भिंतीलगतच्या टेबलाला १६ फूट लागतात, म्हणजे ती न कापता पुरते. आजीची नऊवारी २७ फुटांची, ती सहा बाय अडीचलाही पुरते. जमिनीलगत जरीचा काठ आला की जी शोभा येते ती आमच्या कुठल्याही ताक्याला यायची नाही. अशा वेळी फक्त पट्टी आणि पिना घेऊन जा.

समई, निरांजन झालरीच्या कडेपासून आत, ताटात ठेवा. सॅटिन पॉलिस्टरचं असेल तर ठिणगीने वितळून चिकटतं. दिव्यांच्या माळेचा बोर्ड झालरीच्या आत लपवू नका.

‘शिवूनच का देत नाही?’ असंही विचारतात. शिवलेली झालर एकाच मापाच्या टेबलाला बसते. पिनांची सोडवली की पुढच्या वर्षी पडदा होतो, चौरंगाची झूल होते. वेळ नसेल तर टेबलाची मापं आणि काय कार्यक्रम आहे ते सांगा, चुण्या घालून पट्टीवर लावून देतो. मजुरी वेगळी पडते आणि सणाच्या आधी चार दिवस तरी हवेत.

कार्यक्रम झाल्यावर घडी घालू नका, सॅटिनवर घडीची रेघ पक्की बसते. ताका संपला की आतला पुठ्ठ्याचा नळा आमच्याकडे उरतो. मागून घ्या, पैसे नाहीत. झालर त्यावर गुंडाळून ठेवा.