ऊन डोक्यावर, पंखा बंद

"एवढं ऊन पडलंय, वर सोलर पॅनेल बसवलेत, मग पंखा का बंद?" कोथरूडच्या आमच्या सोसायटीत हा प्रश्न हमखास गुरुवारी निघतो. पुण्यात गुरुवार म्हणजे वीज बंद ठेवून देखभाल-दुरुस्ती करण्याचा वार. शेजारच्या काकांनी चौथ्यांदा विचारलं तेव्हा गच्चीवर जाऊन इन्व्हर्टरपाशीच थांबलो, म्हणजे पॅनेलची वीज घराच्या विजेत बदलणाऱ्या पेटीपाशी. वीज गेली, आतून रिलेचा, म्हणजे आपोआप जोड तोडणाऱ्या खटक्याचा, 'टक्' असा आवाज आला आणि हिरवा दिवा लाल झाला.

तो बिघाड नव्हता. पॅनेलमधून येतो डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारा प्रवाह. इन्व्हर्टरमधले ट्रान्झिस्टर सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करून त्यातून ५० हर्ट्झची लाट घडवतात. ही लाट बाहेरच्या ग्रिडशी, म्हणजे खांबांवरून येणाऱ्या विजेच्या जाळ्याशी, तंतोतंत जुळावी लागते. ढोल-ताशा पथकात ताशा ठेका धरतो, ढोल त्यावर पडतात, तसंच हे. ताशा थांबला की ढोलानेही थांबायचं. कारण खांबावर चढलेला वायरमन तारेत वीज नाही असं धरून हात घालतो, आणि गच्चीवरून २३० व्होल्ट उतरत असले तर?

खरी गंमत पुढे आहे. गल्लीतला वापर आणि गच्चीवरची निर्मिती योगायोगाने सारखी असेल, तर ग्रिड गेल्यावरही व्होल्टेज जागेवर राहू शकतं. मग ताशा थांबला हे कळायचं कसं? म्हणून बरेच इन्व्हर्टर सतत खोडी काढत असतात: आपली फ्रीक्वेन्सी हळूच ढकलून पाहतात. ग्रिड जागेवर असेल तर ते ढिम्म हलत नाही. नसेल तर लाट सरकत जाते आणि २ सेकंदांच्या आत इन्व्हर्टर बाहेर पडतो. चिमटा काढून 'जागा आहेस ना?' विचारण्यातला हा प्रकार मला भलताच आवडतो.

पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढायला इन्व्हर्टर त्यालाही असाच डिवचतो. व्होल्टेज जरा बदलायचं, पॉवर वाढली तर त्याच दिशेला, घटली तर मागे. ढग आला की पुन्हा पहिल्यापासून.

पण ग्रिडवर सगळेच असे इन्व्हर्टर, म्हणजे सगळेच ढोल झाले तर ठेका कोण धरणार? कोयनेच्या जनित्रांची जड चक्रं भार अचानक वाढला तरी क्षणभर वेग सांभाळतात. इन्व्हर्टरमध्ये लाट घडवायला फिरतं काहीच नाही. म्हणून बॅटरीच्या जोरावर स्वतःच ठेका धरणारे 'ग्रिड फॉर्मिंग' इन्व्हर्टर आले. असे अनेक एकत्र असले तर भार वाढताच प्रत्येक जण लय किंचित उतरवतो. ती उतरलेली लय सगळ्यांना जाणवते आणि वेगळ्या निरोपाशिवाय भार वाटला जातो.

दुपारी वीज आली. इन्व्हर्टर लगेच जोडला गेला नाही. लाट स्थिर आहे ना, हे पाहत पडद्यावर सेकंद मोजत बसला. काकांचा पंखा तोवर सुरूही झाला होता.